पडद्यावरचा ठेका, हातातला टाळ

लातूर जिल्ह्यातला जळकोट हा बालाघाटच्या डोंगररांगांतला लहानसा तालुका. २०१६ मध्ये जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि 'पियानो टाइल्स'सारखे संगीताचे खेळ अशा तालुक्यांतल्या मुलांच्या हातीही पोचले. वरून काळ्या पट्ट्या घसरत येतात, त्या खाली पोचायच्या आत बोटाने टिपायच्या, टिपली की सूर वाजतो, चुकली की डाव संपतो. घरच्या मोठ्यांना यात वेळेची नासाडी दिसते. ती काळजी खरी आहे, पण तेवढ्यावर विषय मिटत नाही. हे खेळ वाद्य शिकवत नाहीत, हे आधीच मान्य करून टाकावे. ते ऐकायला शिकवतात. आणि ऐकायला शिकलेले मूल पुढे खऱ्या वाद्यापर्यंत जाते का, हे त्याच्या हाताशी वाद्य आहे का आणि ते त्याच्या हाती देणारे माणूस आहे का, यावर ठरते. या बाबतीत जळकोट आणि शेजारच्या उदगीर-मुखेडचा पट्टा मोठ्या शहरांपेक्षाही नशीबवान आहे, असे मला वाटते.

ऐकायला शिकवतात म्हणजे काय करतात, हे 'गिटार हीरो'वरून नीट कळते. २००५ मध्ये आलेला हा अमेरिकी खेळ हार्मोनिक्स या कंपनीने तयार केला होता. खेळणाऱ्याच्या हातात प्लास्टिकची गिटार, तिच्या मानेवर पाच रंगीत बटणे आणि तार छेडण्याऐवजी हलवायची एक पट्टी. पडद्यावर ज्या रंगाची खूण येईल ते बटण दाबून वेळेवर पट्टी हलवायची. खरी करामत पुढे होती. खूण चुकली की गाण्यातली फक्त गिटार गप्प व्हायची. गायक, ढोल, बाकीची वाद्ये चालूच राहायची. ज्या मुलाने ते गाणे शंभरदा ऐकले असेल त्याला त्या क्षणी पहिल्यांदा कळायचे की यात गिटारचा एक वेगळा धागा आहे आणि तो काढला तर गाणे कसे उघडे पडते. आपण मराठी माणसे तर गाणे शब्दांनीच ऐकतो. अभंग असो, भावगीत असो की लावणी, आधी ओळी पाठ होतात; ढोलकीने समेवर येताना काय केले ते बहुतेकांच्या कानावरून निघून जाते. शब्द बाजूला ठेवून गाण्याच्या आत शिरायला लावणे हे या खेळांचे मोठे काम आहे. त्यातून जुन्या गाण्यांनाही नवे ऐकणारे मिळाले. 'ड्रॅगनफोर्स' या ब्रिटिश बँडचे एक अतिवेगवान गाणे २००७ च्या 'गिटार हीरो ३'मध्ये आले आणि एरवी त्या वाटेला न जाणारी लाखो मुले ते विकत घेऊन ऐकू लागली. 'एरोस्मिथ' या जुन्या बँडवर २००८ मध्ये स्वतंत्र खेळच निघाला आणि त्याने त्यांना त्यांच्या कुठल्याही अल्बमपेक्षा जास्त पैसा दिला, असे खेळाच्या प्रकाशक कंपनीने सांगितले.

ऐकण्यापासून वाजवण्यापर्यंतचा पुरावा मात्र जपून वाचायला हवा. ब्रिटनमधल्या यूथ म्यूझिक या संस्थेने २००८ मध्ये पाहणी केली, तेव्हा असे खेळ खेळणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ पाचव्या हिश्श्याने आपण त्यानंतर खरे वाद्य वाजवू लागलो असे सांगितले. हे मुलांनी स्वतः सांगितलेले आहे, आणि ज्याला मुळातच संगीताची ओढ आहे तोच असा खेळ निवडतो, ही शक्यताही आहे. तरी पाचातला एक हा आकडा निम्मा धरला तरी लहान नाही. पुढे २०११ मध्ये 'गिटार हीरो'चे उत्पादन थांबले आणि ही लाट ओसरली, असे म्हणणारे म्हणाले. त्याच वर्षी युबिसॉफ्टने 'रॉकस्मिथ' आणला. त्यात प्लास्टिकचे खेळणे गेले आणि खरी इलेक्ट्रिक गिटार एका वायरीने यंत्राला जोडायची सोय आली. लाकूड आणि तार हवी असणारे लोक नसते, तर असा खेळ बाजारात चालला नसता.

खेळ आणि वाद्य यांतले अंतर लपवण्यातही अर्थ नाही. 'पियानो टाइल्स'मध्ये चार रकान्यांतल्या कुठल्याही रकान्यात पट्टी आली तरी सूर यंत्रच ठरवते. बोटाला फक्त वेळ सांभाळायची असते. पेटीवर डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने पट्ट्या, आणि कोणती पट्टी हे आपल्या कानाने ठरवायचे. मृदंगाचे तर आणखी अवघड. वाजवण्याआधी डाव्या तोंडाला कणीक लावायची, ती किती लावायची हे थापेच्या आवाजावरून ठरवायचे, मग उजव्या तोंडाचा सूर लागेपर्यंत वादीखालचे गठ्ठे हातोडीने सरकवायचे. यातले काहीच पडद्यावर येत नाही. जपानमध्ये २००१ पासून चालत आलेला 'ताइको नो तात्सुजिन' हा खेळ त्यातल्या त्यात वाद्याच्या जवळ जातो, कारण त्यात समोर ढोलाच्या आकाराचे यंत्र असते आणि दोनच आघात असतात, एक चामड्यावर आणि एक कडेवर. आपल्या हलगीचा किंवा दिमडीचा असा खेळ कुणी केला तर तो किती सहज जमेल!

आता आपल्या भागाकडे पाहू. इलेक्ट्रिक गिटार दुकानातून आणावी लागते, तिला शिक्षक शोधावा लागतो. जळकोट परिसरात वाद्य गावातच असते. गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात. त्यांच्या पत्रिकेत कीर्तनकारांच्या खाली गायनाचार्य आणि मृदंगाचार्य यांची नावे छापलेली असतात. बंजारा तांड्यांवर होळीला डफावर लेंगी गीते रंगतात. जवळच लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्याची दिमडी आणि तुणतुणे ऐकू येते. सप्ताहात सायंकाळी हरिपाठाला ओळी लागतात तेव्हा सगळ्यांत लहान पोराच्या हाती टाळ देतात, आणि ही पहिली पायरी फार विचाराने ठरलेली दिसते. टाळकऱ्याला सूर लावायचा नसतो, बोल पाठ करायचे नसतात. ठोका आणि पावली तेवढी एकमेकांना धरून ठेवायची. चुकला तर शेजारचे वीस टाळ त्याची चूक झाकतात आणि दोन आवर्तनांत त्याला परत ठोक्यावर आणतात. खेळ बनवणाऱ्या कंपन्या पहिली पातळी सोपी ठेवून मुलाला आत ओढतात, त्याच जातीचे हे शहाणपण आहे आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी जुने आहे. पट्ट्या टिपून ज्याच्या बोटात लय बसली आहे त्या पोराला आठ मात्रांचा भजनी ठेका परका वाटत नाही. कमी असते ती एवढीच की मोबाइलमधले आणि मंदिरातले हे एकाच जातीचे काम आहे, असे त्याला कुणी सांगत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत संगीताचा स्वतंत्र शिक्षक सहसा नसतो. मग हे सांगण्याचे काम भजनी मंडळाकडेच येते.

जाणकारांचा आक्षेप यापेक्षा खोल आहे. 'स्म्यूल', 'स्टारमेकर' यांसारख्या गाण्याच्या ॲपवर आज मराठी गाणी हौसेने गायली जातात आणि गुणही मिळतात. ही ॲप सुराला सरळ आडव्या पट्टीसारखे दाखवतात. मग मींड, आंदोलन, मुरकी या सुरांच्या वळणांचे काय? त्यांना जागाच नसते, आणि गुणांच्या मागे लागलेला गळा सपाट होतो, असे जाणकार म्हणतात. हे खरे आहे. पण हाच आक्षेप पेटीवर होता. पेटी युरोपातून आली, कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताने भाता मारायचे रूप दिले. तिच्यात मींड निघत नाही, तिचे सूर पाश्चात्त्य धाटणीचे आहेत, या कारणांनी १९४० पासून आकाशवाणीने तिला जवळपास तीन दशके दूर ठेवले आणि १९७१ मध्ये तिला पुन्हा वाट मिळाली. तोवर गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या पेटीवादकांनी तिच्यातून गायकी काढून दाखवली होती आणि खेड्यातले भजन तिच्यावाचून होईनासे झाले होते. पेटीची उणीव कमी झाली नाही. ती ओळखून तिच्याकडून जमेल तेवढे घेतले गेले. ॲपचे गुण हे परीक्षेचे गुण नव्हेत, एवढे मुलाला सांगितले तर तिथेही तेच करता येईल. गुरूच्या जागेची चिंता तर करायलाच नको. मिरजेच्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिकची परीक्षा द्यायची म्हटले तरी समोर बसून चूक सांगणारे माणूस लागतेच, आणि खेळाने हात शिवशिवू लागलेले मूल त्या माणसाला शोधायला निघते.

पडद्यापुढे जाणाऱ्या वेळेचा आक्षेप मी हलका करणार नाही. कुठल्याही खेळात पुढच्या पातळीचा लोभ असतोच आणि आई-वडिलांनी वेळ बांधून द्यायलाच हवा. पण मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. वाद्य हाताशी आहे असे मी म्हटले, ते सगळ्यांच्या हाताशी नाही. हलगी पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाच्या माथी मारलेले काम राहिली, म्हणून इतर घरांतली मुले तिला हात लावत नाहीत आणि त्या घरांतली शिकलेली मुले तिच्यापासून दूर जाऊ पाहतात; इतके अवघड आणि देखणे लयीचे वाद्य जातीच्या भिंतीमुळे दोन्हीकडून तुटत चालले आहे. मुलींचेही तसेच. महिला कीर्तनकार आता गावोगाव दिसतात, हरिपाठाच्या ओळीत मुली टाळ घेऊन उभ्या राहतात, पण मृदंगावर मुलगी बसलेली अजून क्वचितच दिसते. मोबाइलवरचा खेळ समोरचे बोट कुणाचे आहे हे विचारत नाही, म्हणून लयीची आवड सगळ्यांत सारखीच जागते. जळकोटच्या कुठल्या भजनी मंडळाला नवे वादक हवे असतील तर मृदंग शिकायला मुलींनाही बसवावे, आणि सप्ताहात किमान एक सायंकाळ हलगीला मानाने बोलवावे. मुलांना खेळापासून वाद्याकडे नेण्यासाठी यापेक्षा जास्त खर्चाचे काही करावे लागणार नाही.