धनुर्वाताचे विष आणि चेतातंतूची वाट

पेशीपटल हे मेदरेणूंच्या दोन थरांचे, सुमारे ५ नॅनोमीटर जाडीचे आवरण असून त्याचे क्षेत्रफळ चार-पाच टक्क्यांहून अधिक वाढेल इतके ते ताणले, तर ते फाटते. भ्रूणावस्थेतील चेतापेशीला मात्र आपला अक्षतंतू, म्हणजे संदेश बाहेर नेणारा लांब तंतू, स्वतःच्या आकाराच्या शेकडो पट दूर न्यायचा असतो. तेव्हा ही वाढ ताणून होणारी नव्हे, सतत नवे पटल घालूनच होणारी आहे. १ मायक्रोमीटर जाडीचा तंतू दिवसाला १ मिलिमीटर वाढत असेल, तर त्याला रोज ३,००० चौरस मायक्रोमीटरहून अधिक नवे पटल लागते. पेशीच्या आत हे पटल पुटिकांच्या, म्हणजे पटलाच्याच इवल्या पिशव्यांच्या रूपाने वाहून नेले जाते. अशी एक पुटिका १५० नॅनोमीटर व्यासाची धरली, तर साधारण दर दोन सेकंदांना एक पुटिका पृष्ठभागात विलीन व्हावी लागते, असा ढोबळ हिशोब निघतो.

हे पटल घातले जाते कोठे, हा प्रश्न जुना आहे. तंतूच्या टोकाशी असणारा पसरट, बोटांसारखे फाटे फुटलेला वृद्धिशंकू सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये कोंबडीच्या भ्रूणात ओळखला, आणि १९०७ मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील ऊती गोठलेल्या लसिकेत जिवंत ठेवून तंतू वाढताना प्रत्यक्ष पाहिला. तरीही केस जसा मुळाशी वाढून पुढे ढकलला जातो तसा हा तंतू वाढतो, की त्याची भर टोकाशी पडते, हे त्यातून ठरत नव्हते. १९७० मध्ये डेनिस ब्रे यांनी वाढत्या तंतूंवर चिकटलेल्या काचेच्या सूक्ष्म कणांवर नजर ठेवली, तेव्हा कण आणि पेशीचा मुख्य भाग यांतील अंतर जवळजवळ तेवढेच राहिले व टोक मात्र कणांना मागे टाकून पुढे गेले. साधने इतकी थोडी आणि उत्तर इतके स्वच्छ, असे प्रयोग जीवशास्त्रात फार नाहीत. अर्थात बेडकाच्या भ्रूणातील चेतापेशींत पटल मुळाकडून टोकाकडे सरकतानाही पुढे आढळले, त्यामुळे हा नियम सर्वत्र सारखाच लागू पडत नाही.

पुटिका तयार होतात त्या मुख्यतः पेशीच्या मध्यभागी. तेथून कायनेसिन नावाची चालक प्रथिने सूक्ष्मनलिकांच्या मार्गावरून त्यांना टोकापर्यंत नेतात. तेथे एक्सोसिस्ट हा आठ प्रथिनांचा संच पुटिकेला योग्य जागी धरून ठेवण्यास मदत करतो, आणि मग पुटिकेवरील व पेशीपटलावरील स्नेअर प्रथिने एकमेकांभोवती पीळ घेत दोन्ही पटले जुळवतात. या यंत्रणेचे बरेचसे घटक प्रथम यीस्टमध्ये सापडले. पेशीतील पुटिका-वाहतुकीच्या उलगड्यासाठी जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस सूडोफ यांना २०१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु याच ठिकाणी एक कोडे उभे राहिले. धनुर्वाताच्या जंतूचे विष व्हॅम्प-२ हे पुटिकेवरील स्नेअर प्रथिन तोडते, त्यामुळे प्रौढ चेतापेशीचे संदेशरसायन बाहेर पडणे थांबते. वाढत्या तंतूला ते दिले, तर वाढ मात्र चालूच राहते. उलट पेशीपटलाकडील स्नेअर प्रथिने तोडणारी बोट्युलिनमची काही विषे वाढही रोखतात. याचा अर्थ, लांबी वाढवणाऱ्या पुटिकांना व्हॅम्प-२ वाचून चालते, आणि धनुर्वाताच्या विषाला दाद न देणारे व्हॅम्प-७ हे भावंड-प्रथिन त्या कामी येते. मग वाढत्या टोकाशी व्हॅम्प-२ असते तरी कशासाठी?

त्याचे उत्तर दिशेच्या प्रश्नात दडलेले होते. तंतूला वाट दाखवणारी नेट्रिनसारखी रसायने भ्रूणात ठिकठिकाणी कमीअधिक प्रमाणात पसरलेली असतात, आणि आकर्षक संकेत ज्या बाजूने येतो त्या बाजूला वृद्धिशंकूत कॅल्शियमचे प्रमाण वाढते. जपानच्या रिकेन संस्थेतील ताकुरो तोजिमा, हिरोयुकी कामिगुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले, की शंकूच्या एकाच बाजूला कॅल्शियम वाढवले असता पुटिका त्या बाजूकडे वळतात आणि तेथेच व्हॅम्प-२ च्या साहाय्याने पटलात मिसळतात. धनुर्वाताचे विष दिल्यावर तंतू संकेताकडे वळेनासा झाला. प्रतिकर्षक संकेतापासून दूर मात्र तो पूर्वीसारखाच वळत राहिला. दूर वळताना त्या बाजूचे पटल आत ओढून घेतले जाते, हे त्याच गटाने २०१० मध्ये सिद्ध केले. वृद्धिशंकूच्या वर्णनात सारे श्रेय आतील प्रथिनांच्या सांगाड्याला देण्याची जी प्रथा आहे, ती या प्रयोगांपुढे अपुरी वाटते. पटल कोणत्या बाजूला घातले आणि कोणत्या बाजूने काढले, यावरही वळण ठरते.

लक्ष्यपेशी गाठल्यावर पुरवठ्याचे स्वरूप पालटते. आता टोक पुढे न्यायचे नसून सिनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधील संदेशवहनाचा सांधा, उभारायचा असतो आणि त्याचे साहित्य बरेचसे आधीच जुळवून तयार असते. पिक्कोलो व बॅसून ही प्रथिने सुमारे ८० नॅनोमीटर व्यासाच्या पुटिकांवरून तंतूत फिरत असतात. संदेशरसायन जेथून बाहेर पडते ते एक सक्रिय क्षेत्र उभारायला अशा दोन-तीन पुटिकांचा ऐवज पुरतो, असा अंदाज आहे. पलीकडच्या पेशीतही अशीच ने-आण चालते: सांधा बळकट होताना तिच्या शाखांवरील काटेवजा उंचवटे फुगतात, आणि त्यासाठीचे पटल पेशीने पूर्वी आत ओढून साठवलेल्या पुटिकांतून येते.