यतीमखान्याच्या विटा कोण पाडतो?

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की मुस्लिम घरांत हिशेबाची वही उघडली जाते. वर्षभर शिल्लक राहिलेली रक्कम, सोने-चांदी, दुकानातला माल, लोकांकडून येणे, लोकांचे देणे असे सगळे मांडून अडीच टक्के जकात बाजूला काढली जाते. ईदच्या नमाजाआधी माणशी फित्रा द्यायचा असतो, तो वेगळा. मग प्रश्न उरतो, द्यायचे कोणाला? गावातल्या मदरशाचे पावतीपुस्तक घेऊन कोणीतरी येतेच. पण अलीकडे मोबाईलवर फार दूरची आवाहनेही येतात. लाल माती, पत्र्याचे छप्पर, रांगेत उभी केलेली मुले आणि खाली एक ओळ : आफ्रिकेत यतीमखाना बांधतो आहोत, आपल्या कुटुंबाचा हातभार लागू द्या.

या आवाहनांमागे एक मोठी परंपरा आहे, आणि तिच्यात एका डॉक्टरचे नाव फार वर आहे. अब्दुर्रहमान अल-सुमैत. १९४७ साली कुवेतमध्ये जन्म, बगदादमध्ये वैद्यकीय शिक्षण, लिव्हरपूलमध्ये उष्ण कटिबंधातल्या आजारांचा अभ्यास, पुढे कॅनडात मॉन्ट्रियलला पोटाच्या विकारांतले विशेष शिक्षण. असा माणूस कुवेतमध्ये दवाखाना काढून सुखाने राहू शकला असता. त्यांच्या तरुणपणाची एक गोष्ट अरब जगतात सगळे सांगतात. भर उन्हात बसची वाट पाहत उभे राहणारे परदेशी मजूर पाहून त्यांनी मित्रांसोबत पैसे जमवून एक जुनी गाडी घेतली आणि ते त्या मजुरांना फुकट पोहोचवू लागले. पुढचे सगळे आयुष्य याच गाडीचा वाढलेला मार्ग म्हणायला हरकत नाही.

१९८०च्या सुमारास एका दानशूर महिलेने परदेशात मशीद बांधण्यासाठी पैसे दिले आणि सुमैत ते काम घेऊन मलावीत पोहोचले. मलावी हा आफ्रिकेच्या आग्नेय भागातला, समुद्र नसलेला, पण प्रचंड सरोवर लाभलेला देश. सरोवराकाठच्या याओ जमातीत जुन्या काळापासून मुसलमान आहेत; पूर्व किनाऱ्यावरच्या स्वाहिली व्यापाऱ्यांबरोबर इस्लाम त्यांच्यापर्यंत आला. मशीद बांधायला गेलेल्या डॉक्टरला तिथे दिसली ती भूक आणि औषधावाचून मरणारी मुले. परत येऊन त्यांनी एक समिती काढली. तिचीच पुढे आफ्रिकेतल्या मुसलमानांसाठी काम करणारी मोठी संस्था झाली आणि १९९९ पासून ती ‘डायरेक्ट एड’ या नावाने ओळखली जाते. विहिरी, दवाखाने, शाळा, यतीमखाने. १९९६ मध्ये त्यांना सौदी अरेबियाचा किंग फैसल पुरस्कार मिळाला, तेव्हा बक्षिसाची रक्कम त्यांनी आफ्रिकी मुलांच्या शिक्षणासाठी वक्फ करून टाकली. वक्फ म्हणजे मूळ पुंजीला हात न लावता तिच्या उत्पन्नावर काम चालवायचे. आपल्याकडे हा शब्द हल्ली केवळ जमिनीच्या वादात ऐकू येतो, म्हणून मुद्दाम सांगितले.

मला या गोष्टीत जास्त जवळचे वाटते ते त्यांचे घर. त्यांच्या पत्नी, उम्मे सुहैब या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, या कामात पहिल्या दिवसापासून बरोबर होत्या. मुलांच्या सुट्या आफ्रिकेत जात. उतारवयात हे जोडपे मादागास्करच्या आग्नेय किनाऱ्यावर, मानाकारा या छोट्या गावात साध्या घरात राहत असे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे सगळे अंगावर बाळगून. त्या भागात आंतेमोरो नावाची जमात आहे. आपले पूर्वज अरबस्तानातून आले असे ते सांगतात आणि त्यांच्याकडे ‘सोराबे’ नावाची जुनी हस्तलिखिते आहेत. भाषा मलागासी, लिपी अरबी. रोज दोन लिप्यांत वावरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे वाचून आपले कोणी दूरचे नातलग भेटल्यासारखे वाटले. सुमैत यांना या जमातीची विशेष ओढ होती. २०१३च्या ऑगस्टमध्ये ते वारले. झांझिबारमध्ये त्यांच्या संस्थेने १९९८ साली काढलेले अध्यापक महाविद्यालय आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे.

एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. सुमैत समाजसेवक होते तसे धर्मप्रचारकही होते आणि ते त्यांनी कधी झाकले नाही. आफ्रिकेत ख्रिस्ती मिशनऱ्यांनीही शाळा, दवाखाना आणि अनाथालय याच वाटेने काम केले. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा पेच नवा नाही. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या उपाशी मुली वाचवून केडगावला आणल्या. त्यांच्या धर्मांतरावरून झालेला वाद अजून पुरता विझलेला नाही, आणि मुली जगल्या हेही खरे. माझे मत असे की मुलाच्या ताटातली भाकरी कलम्यावर, बाप्तिस्म्यावर किंवा आणखी कशावर अवलंबून असू नये. हा नियम मला आपल्या लोकांनाही लावायचा आहे, दुसऱ्यांना लावण्याआधी.

पण सुमैत यांच्यासारखे तीस वर्षे जाऊन राहणारे कुटुंब विरळा. आज ‘कुटुंबासह सेवा’ म्हणून जे चालते ते बहुधा दोन आठवड्यांचे असते. युरोप-अमेरिकेतली, आता आखातातलीही, आई-वडील आणि शाळकरी मुले अशी कुटुंबे सुटीत आफ्रिकेतल्या एखाद्या गावी जातात, यतीमखान्याच्या भिंतीला रंग देतात, विटा वाहतात, मुलांबरोबर खेळतात आणि परत येतात. हेतू चांगला असतो, यात मला शंका नाही. आपल्या मुलांना भूक म्हणजे काय ते कळावे, हा रोजाच्याच जवळचा विचार आहे. तरी दोन गोष्टी खटकतात. ज्या गावात हाताला काम नसलेले गवंडी बसून आहेत, तिथे आयुष्यात थापी न धरलेल्या माणसाने भिंत का उचलावी? विमानाच्या एका तिकिटात त्या गवंड्याची कित्येक महिन्यांची मजुरी निघते. आणि दुसरी, जास्त गंभीर. ज्या मुलाने एकदा आपले माणूस गमावले आहे, त्याच्या आयुष्यात दर दोन आठवड्यांनी नवे प्रेमळ चेहरे यावेत आणि निघून जावेत, हे त्याच्यावर काय करत असेल? डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवेने आणि पर्यटनाने होणाऱ्या नुकसानीबद्दल स्पष्ट शब्दांत काळजी व्यक्त केली, ती याचसाठी.

मग खरे स्वयंसेवक कोण? मलावीच्या खेड्यात शाळा किंवा आश्रय बांधायचा ठरला की कामाची वाटणी जुनी आहे. सिमेंट आणि पत्रे बाहेरून येतात. विटा गाव पाडते. एप्रिलनंतर पाऊस थांबतो, मक्याची कापणी उरकते, आणि मग नदीकाठच्या मातीचा चिखल तुडवून साच्यात विटा घातल्या जातात. वाळल्या की त्यांची भट्टी रचून लाकडावर भाजतात. बायका डोक्यावरून पाणी आणि वाळू आणतात. नोव्हेंबरात पाऊस पुन्हा सुरू व्हायच्या आत छप्पर चढले पाहिजे, नाहीतर वर्ष गेले. आपल्या वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर जी लगबग दिसते तीच ही. इथे मात्र मजुरी मिळत नाही, घरटी पाळी असते. या कुटुंबांची छायाचित्रे कोणत्याच आवाहनात नसतात. तेही समजू शकतो, विटा पाडणारा माणूस दयनीय दिसत नाही.

आता ज्या मुलांसाठी हे बांधायचे ती मुले. अरबीत आणि फिकहमध्ये ‘यतीम’ म्हणजे वयात येण्याआधी ज्याचा बाप गेला ते मूल. आई जिवंत असली तरी ते यतीमच. योगायोग असा की युनिसेफची व्याख्याही याच्या जवळ जाते. आई किंवा बाप, दोघांपैकी एक जरी गेले तरी ते मूल अनाथांच्या मोजणीत येते. म्हणून आफ्रिकेतल्या अनाथांचे जे मोठमोठे आकडे छापून येतात, त्यातल्या बहुसंख्य मुलांचा एक पालक हयात असतो. मराठीतल्या ‘अनाथ’ या शब्दाने मात्र डोळ्यांसमोर जगात कोणीच नसलेले मूल येते. शब्दाच्या या फरकावर कितीतरी इमारती उभ्या राहिल्या आहेत.

मलावीत हे आणखी ठळक दिसते. याओ आणि चेवा या तिथल्या मोठ्या जमाती मातृवंशीय आहेत. मूल आईच्या कुळाचे, लग्नानंतर नवराच बायकोच्या गावी राहायला येतो, आणि मुलांबाबत मामाचा शब्द शेवटचा. आई गेली तरी मूल आजीच्या अंगणातच राहते. आजीला तिथे ‘आगोगो’ म्हणतात. एड्सच्या साथीने १९९० नंतरच्या काळात या देशाची तरुण पिढी कापून काढली. सरकारी दवाखान्यांत एचआयव्हीची औषधे मोफत मिळू लागली ती २००४ पासून. तोवर एकेका आगोगोच्या घरी सहा-सहा, सात-सात नातवंडे गोळा झाली. जानेवारी ते मार्च, नवा मका हाती येईपर्यंत कणग्या रिकाम्या असतात. अशा वेळी गावाबाहेर पक्की इमारत उभी राहिली, तिथे दोन वेळचा न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा गोळा, गणवेश आणि शाळा मिळते असे कळले, तर आजी नातवाचा हात धरून तिथे नेऊन सोडणारच. तिने मुलाला टाकलेले नसते, त्याला जेवायला पाठवलेले असते. पण कागदावर ते मूल ‘निराधार’ होते आणि पुढची दहा वर्षे आपल्या भाषेपासून, आपल्या शेतापासून, मामापासून दूर वाढते. अठराव्या वर्षी संस्था त्याला निरोप देते, तेव्हा गावात त्याला ओळखणारे फारसे कोणी उरलेले नसते.

म्हणूनच आफ्रिकेतले देश आता उलट्या दिशेने निघाले आहेत. १९९४ च्या नरसंहारानंतर रवांडात अनाथालये भरून वाहिली होती. २०१२ पासून तिथे ती बंद करून मुले नातलगांकडे किंवा पालक कुटुंबांकडे पाठवण्याचे धोरण राबवले गेले. केनियाने २०२२ मध्ये असाच दहा वर्षांचा आराखडा जाहीर केला. मलावीत तर गावोगावी बालकेंद्रे आहेत. झाडाखाली किंवा एखाद्या खोलीत, गावातल्याच बायका मुलांना दिवसा सांभाळतात, पेज करून घालतात, आणि संध्याकाळी मूल घरी. यतीमखाना अजिबात नको, असे मी म्हणत नाही. ज्याचे खरोखर कोणीच नाही, ज्याला घरातच मार किंवा त्याहून वाईट सोसावे लागते, अशा मुलाला छप्पर लागतेच. पण ते थोड्यांसाठी असावे आणि घराच्या शक्य तितके जवळचे असावे.

इस्लामी परंपरेला हे परके नाही, उलट तीत हीच जुनी वाट आहे. पैगंबर मुहम्मद (स.) जन्माआधीच पितृहीन झाले, सहाव्या वर्षी आई गेली, मग आजोबा आणि त्यांच्यानंतर काका अबू तालिब यांनी वाढवले. म्हणजे इस्लामी इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध यतीम घरात वाढला, संस्थेत नाही. मुलाचे नाव आणि वंश न बदलता त्याचा पूर्ण भार उचलणे याला ‘कफालत’ म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क कराराच्या विसाव्या कलमात संगोपन आणि दत्तक यांच्या बरोबरीने इस्लामी कायद्यातल्या कफालतीचा नावाने उल्लेख आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसते. कुरआनाच्या चौथ्या सूरेत यतीमाच्या मालाविषयी जे नियम आहेत ते वाचताना तर एखाद्या लेखापरीक्षकाची आठवण होते. पालक सधन असेल तर त्याने त्या मालाला हात लावू नये, गरजू असेल तर वाजवी तेवढेच घ्यावे, आणि मूल जाणते झाले की साक्षीदारांसमोर सगळे त्याच्या हवाली करावे. यतीमांच्या नावाने पैसा गोळा करणाऱ्या प्रत्येक संस्थेला हा हिशेब लागू आहे.

आता वहीकडे येऊ. हनफी फिकहनुसार, म्हणजे आपल्याकडचे बहुतेक सुन्नी मुसलमान ज्या पद्धतीने चालतात त्यानुसार, जकात अदा होण्यासाठी ती गरजू माणसाच्या मालकीची व्हावी लागते. याला ‘तमलीक’ म्हणतात. म्हणून जकातीच्या पैशातून मशिदीची भिंत उभी राहत नाही, पूल बांधता येत नाही, आणि यतीमखान्याची इमारतही नाही. त्यासाठी सदका किंवा ऐच्छिक देणगी वेगळी द्यावी लागते. जकात मुलाच्या ताटात, त्याच्या पुस्तकात, त्याच्या विधवा आईच्या हातात पडली पाहिजे. माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने विचारले होते की हा नियम इतका काटेकोर कशाला, इमारत शेवटी मुलांसाठीच तर असते. मी त्याला आगोगोची गोष्ट सांगितली.

तेव्हा या वर्षी मोबाईलवर तसे आवाहन आले तर पाठवणाऱ्याला तीन-चार गोष्टी विचारायला हरकत नाही. यातल्या किती मुलांची आई हयात आहे? आजी किती अंतरावर राहते आणि मूल तिला महिन्यातून किती वेळा भेटते? घरीच ठेवून मुलाचा खर्च दिला तर किती येतो? विटा कोणी पाडल्या? उत्तर देणाऱ्या संस्था आहेत. ज्या फक्त आणखी एक छायाचित्र पाठवतात, त्यांच्यासाठी थांबायची गरज नाही. तरावीहला निघायच्या आत तो संदेश पुसून टाकता येतो.