दारुकावनाची पायवाट

औंढा नागनाथाच्या देवळात दर्शन घ्यावयाचे म्हणजे वर चढावयाचे नव्हे, खाली उतरावयाचे. सभामंडपातील कोरीव खांब ओलांडून पुढे गेले की एक अरुंद वाट भुयारासारख्या गाभाऱ्यात नेते, आणि धट्ट्याकट्ट्या माणसासही तेथे पाठ वाकवून, अंग चोरून उतरावे लागते. नंदी देवासमोर नाही, मागील बाजूस आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरले, अशी त्याची आख्यायिका हिंगोली जिल्ह्यातील प्रत्येक आजी नातवंडांस सांगते. गावाच्या भोवती डोंगरांचे कडे आहे. पावसाळ्यात ते हिरवेगार होते, आणि होळीच्या सुमारास पळसाच्या फुलांनी लाल दिसू लागते.

बारा ज्योतिर्लिंगांपैकी नागेशाचे स्थान दारुकावनात आहे, असे परंपरा सांगते. पण हे दारुकावन कोणते? औंढेकर म्हणतात, ते येथेच. द्वारकेजवळील नागेश्वराचे भक्त म्हणतात, ते सौराष्ट्रात. आणि हिमालयाच्या कुशीत, कुमाऊं प्रांतातील अल्मोडा जिल्ह्यात, जागेश्वर नावाचे एक क्षेत्र आहे. तेथील पुजारी आपल्या देवळांभोवतीच्या अरण्याकडे बोट दाखवितात. ते अरण्य देवदारांचे आहे, आणि देवदार म्हणजे देवांचा दारू, देवांचे लाकूड. याहून निराळा पुरावा कशास हवा, असा त्यांचा प्रश्न असतो. हा वाद पंडितांनी मिटवावा. मात्र ज्या हिंगोलीकर कुटुंबास आयुष्यात एकदा हिमालयात पायी हिंडावेसे वाटते, पण केदारनाथाची गर्दी नको आणि हिमनद्यांवरील साहसही झेपणारे नाही, त्याला या वादाने एक सोयीचे ठिकाण सुचविले आहे. एका नागेशाकडून दुसऱ्या नागेशाकडे जावे, आणि त्या निमित्ताने चार-पाच दिवस कुमाऊंच्या खेड्यापाड्यांतून चालावे.

ही वाट नवशिक्यास मानवते याचे मुख्य कारण तिची उंची. हिंगोली समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे, जागेश्वर सुमारे १,८७० मीटरवर. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सुमारे चार-पंचमांश उरतो. चढताना धाप लवकर लागते, पण निजलेल्या माणसास काही त्रास होत नाही. विरळ हवेचा जो खरा विकार, ज्यात डोके ठणकते, अन्न नकोसे होते, झोप उडते आणि दुर्लक्ष केल्यास प्राणावर बेतते, तो सामान्यतः अडीच हजार मीटरांच्या वर सुरू होतो. या सबंध फेरीत तितक्या उंचीवर मुक्काम करण्याचा प्रसंग येत नाही. थंडीचा हिशेबही सोपा आहे. दर हजार मीटरांस पारा सुमारे साडेसहा अंशांनी उतरतो, म्हणजे नुसत्या उंचीने नऊ-दहा अंशांचा फरक पडला. शिवाय जागेश्वर हिंगोलीच्या दहा अक्षांश उत्तरेस. एप्रिलमध्ये हिंगोलीत पंख्याखाली तळमळणाऱ्या माणसास तेथे रात्री रजई लागते.

तयारी मात्र घरीच व्हावयास हवी, आणि ती औंढ्याच्या डोंगरांतच उत्तम होते. येथेच पुष्कळ हौशी लोक चुकतात. महिनाभर गावाच्या सपाट रस्त्यावर फेऱ्या मारतात, आणि पाय तयार झाले असे समजतात. डोंगरात माणूस चढताना दमतो, पण मोडतो तो उतरताना. उतरणीवर प्रत्येक पावलास मांडीचे स्नायू ताणले जात असताना शरीराचा भार रोखून धरतात, आणि सपाट चालीत हे काम त्यांना कधी पडतच नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी गुडघे व मांड्या बोलू लागतात. औंढ्याभोवतीच्या टेकड्या उंच नाहीत, पण त्यांना चढ आहे, उतार आहे आणि पायाखाली निसटणारे दगडही आहेत. पाच-सहा किलोंची पिशवी पाठीवर घेऊन आठवड्यातून दोनदा पहाटे तेथे चढावे, सावकाश उतरावे. सहा आठवड्यांत पायांना निराळीच समज येते. जोडे याच काळात वापरून मऊ करावेत. नवे कोरे जोडे घेऊन हिमालयात जाणाऱ्याच्या टाचेस दुपारपर्यंत फोड येतो, आणि मग नंदादेवी दिसली काय नि न दिसली काय!

या टेकड्यांविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्यांचा काळा दगड हा दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हाचा आहे. हिंदुस्थानचे भूखंड आशियास भिडून हिमालय उचलला जाऊ लागला तो त्यानंतर, म्हणजे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा औंढ्याचा डोंगर हिमालयाहून वयाने वडील, आणि वडीलधाऱ्यास शोभेल असा स्वस्थही. औंढा तालुक्यातील दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंची प्रयोगशाळा उभारण्याचे ठरले, त्यामागे भूमीचा हा शांतपणाच होता. हिमालयाचे तसे नाही. तो अजून उचलला जात आहे, त्याचे खडक भेगाळलेले आहेत, आणि पावसाळ्यात त्याचे कडे रस्त्यांवर ढासळतात. म्हणून जुलै व ऑगस्ट वर्ज्य. मार्च-एप्रिलात बुरांसाची तांबडी फुले पाहावयास मिळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आकाश धुतल्यासारखे स्वच्छ असते आणि हिमशिखरे स्पष्ट दिसतात. ज्यास एकदाच जावयाचे आहे त्याने ऑक्टोबर निवडावा.

प्रवास लांबचा आहे, पण अवघड नाही. हिंगोलीहून अकोल्याकडे जाणाऱ्या लोहमार्गाने निघून दिल्ली गाठावी. दिल्लीहून रात्रीच्या गाडीने काठगोदाम. तेथे रूळ संपतात आणि डोंगर सुरू होतो. अल्मोडा पुढे सुमारे ८५ किलोमीटर, आणि अल्मोड्याहून जागेश्वर सुमारे ३५. घाटाच्या वळणांनी पोटात ढवळते, म्हणून सकाळी हलके खाऊन निघावे.

जागेश्वरास मोटार थेट जाते. पण शहाण्याने आरतोला येथे, मुख्य रस्ता सोडताच, खाली उतरावे. तेथून तीन किलोमीटर वाट जटागंगा नावाच्या लहानशा ओढ्याकाठाने, देवदारांच्या सावलीतून जाते. वाटेत दंडेश्वराचे देऊळ लागते. जागेश्वराच्या आवारात लहानमोठी मिळून सव्वाशेच्या आसपास देवळे आहेत. बहुतेक सातव्या ते बाराव्या शतकांमधील. काही पुरुषभर उंचीचीही नाहीत. औंढ्याच्या देवळाची भिंत मूर्तींनी गजबजलेली, तर येथील शिखरे साधी, सरळ, आणि मागच्या वृक्षांशी स्पर्धा करणारी. देवदाराचे खोड पाहून मग शिखर पाहिले म्हणजे शिल्पकाराने कोणापासून धडा घेतला याचा तर्क करता येतो.

दुसऱ्या दिवशी वृद्ध जागेश्वर. ही खरी पहिली परीक्षा: तीन-चार किलोमीटरांची, पण जवळजवळ सबंध चढाची वाट. नियम एकच. ज्या चालीत सोबत्याशी बोलता येते तीच चाल धरावी. बोलणे तुटू लागले की गती कमी करावी, थांबू मात्र नये. दर तासास पाच मिनिटे विसावा, घोटभर पाणी, गुळाचा खडा. घाम आला की वरचा लोकरी कपडा काढावा आणि थांबताच पुन्हा घालावा; ओल्या अंगास वारा लागून जितके लोक आजारी पडतात तितके थंडीने पडत नाहीत. माथ्यावर पोहोचल्यावर, आकाश मोकळे असेल तर, उत्तरेस त्रिशूळ आणि ७,८१६ मीटरांची नंदादेवी दिसते. ढग बहुधा दहा वाजल्यानंतर चढतात, म्हणून निघावे ते पहाटे.

तेथून पुढे बिनसर. १९८८ साली अभयारण्य म्हणून राखलेल्या या डोंगरात रिसाल, गोनाप, कठधारा, सतरी अशी लहान खेडी आहेत, आणि त्यांना जोडणाऱ्या पायवाटांवरून मोटार जात नाही. या शतकाच्या पहिल्या दशकापासून तेथील ग्रामस्थांनी पाहुण्यांसाठी घरे बांधली. गावचाच माणूस वाट दाखवितो, गावच्याच चुलीवर जेवण शिजते. एका गावाहून दुसऱ्या गावास जावयास तीन-चार तास पुरतात. बिबट्या या रानात आहे, तेव्हा दिवस मावळण्यापूर्वी मुक्कामावर असावे.

जेवणाचे ताट मराठवाड्याच्या गृहिणीस परके वाटत नाही. मडुवा म्हणजे आपली नाचणी, गहत म्हणजे हुलगे. भट्ट मात्र चकित करतो. ते काळे सोयाबीन! हिंगोलीचा शेतकरी ज्या पिकाचे पोते बाजारात घालून मोकळा होतो आणि क्वचितच घरी शिजवितो, तेच पीक कुमाऊंत पिढ्यान्‌पिढ्या लोखंडी कढईत शिजवून, चुडकाणी म्हणून भाताबरोबर खातात.

गावाच्या कडेला एक दगडी, छप्पर घातलेली, आत पायऱ्यापायऱ्यांनी निमुळती होत जाणारी लहानशी खोली दिसते. तो नौला. डोंगरातून झिरपणारे पाणी त्यात साठते. मराठवाड्यातील बारवेचेच ते डोंगरी भावंड म्हणावे. त्यात पाय धुणे वा साबण वापरणे हा केवळ गैरशिस्तपणा नव्हे, ते गावाचे पिण्याचे पाणी आहे. आणि ते कमी होत चालले आहे. बांज नावाचा ओक वृक्ष जेथे दाट आहे तेथे त्याच्या पाल्याखालची माती पाणी धरून ठेवते, आणि झरे उन्हाळ्यातही वाहतात. चीड, म्हणजे पाइन, जेथे पसरला तेथे जमिनीवर वाळक्या सुयांचा थर साचतो. तो निसरडा असतो आणि ठिणगी पडताच पेटतो. इंग्रजी अमदानीत लाकडासाठी व राळेसाठी चिडास उत्तेजन मिळाले, त्याचे परिणाम ही गावे अद्याप भोगीत आहेत. २०२४ च्या जूनमध्ये बिनसरमधील वणवा विझविण्यास गेलेली वनखात्याची माणसेच आगीत सापडून मृत्युमुखी पडली. विडी ओढणाऱ्या प्रवाशाने एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

सामान वाहणाऱ्या माणसाविषयीही दोन शब्द हवेत, कारण कुमाऊंत या प्रश्नाला इतिहास आहे. इंग्रज अंमलदार वा शिकारी दौऱ्यावर निघाला की वाटेवरील प्रत्येक गावाने हमाल पुरवावेत, अशी सक्ती असे. कोणाची पाळी केव्हा हे लिहिलेल्या वह्या गावच्या प्रमुखाकडे असत. तिला कुली बेगार म्हणत. १९२१ च्या जानेवारीत, मकरसंक्रांतीच्या उत्तरायणी जत्रेत, बागेश्वर येथे हजारो लोक जमले. बद्रीदत्त पांडे प्रभृतींच्या नेतृत्वाखाली त्यांनी बेगार न देण्याची शपथ घेतली, आणि गावोगावच्या त्या वह्या शरयूच्या पात्रात फेकून दिल्या. प्रथा तेथे संपली. पुढे वनांच्या कडक कायद्यांविरुद्ध झालेल्या असंतोषातून १९३१ साली गावांस आपली रानेही काही अंशी आपल्या पंचायतीकडे घेता आली. ज्या डोंगरात ओझ्याचा प्रश्न असा लढवून सोडविला गेला तेथे हमालाशी चार आण्यांसाठी घासाघीस करणे फारच ओशाळवाणे दिसते. मजुरी आधी ठरवावी, ओझे तोलून द्यावे, आणि त्याच्या जेवणाची व मुक्कामाची व्यवस्था आपल्याइतकीच नीट आहे ना, हे पाहावे.

आज त्या गावांपुढील अडचण निराळी आहे. तेथे ओझे उचलणारा माणूसच उरलेला नाही. २००१ ते २०११ या दशकात अल्मोडा व पौडी या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. तरुण दिल्ली-हल्द्वानीस जातात. मागे म्हातारी माणसे, गवताचा भारा आणणाऱ्या स्त्रिया आणि कुलूप लावलेली घरे. त्या घरांच्या लाकडी दारांवरील कोरीव काम पाहून प्रवासी हरखतात, पण ते दार कोणी, केव्हा ओढून घेतले हे विचारण्याचे त्यांना सुचत नाही. ज्या मराठवाड्यातून दर दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात, तेथल्या पाहुण्यास तो प्रश्न सुचावयास हरकत नाही. पाहुण्यांच्या मुक्कामामुळे बिनसरच्या खेड्यांत काही घरांची मिळकत गावातच राहते. म्हणून अल्मोड्याच्या हॉटेलात दोन रात्री अधिक काढण्यापेक्षा त्या गावात काढाव्यात. दर रात्रीचे पैसे तेथेच, ज्याने जेवू घातले त्याच्या हाती किंवा गावच्या समितीकडे पडतील, अशी व्यवस्था आधी विचारून घ्यावी.

परतताना अल्मोड्याच्या बाजारात, दगडी फरसबंदीच्या जुन्या रस्त्यावर, बालमिठाई मिळते: भाजलेल्या खव्याच्या वड्या, वर साखरेचे पांढरे दाणे. शेजारच्याच किराणा दुकानात भट्टही मिळतो. तो आदल्या रात्री भिजत घालावा, सकाळी लोखंडी कढईत जिरे व लसणाबरोबर तडतडेपर्यंत परतावा, थोडे पीठ लावून पाण्यात मंद आचेवर काळा होईतो शिजू द्यावा. वसमतची हळद त्यात चांगली उतरते.