हृदयाचा ठोका आणि विजेचा धक्का

एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत मिनिटाला सुमारे ३५० ते ६०० अनियमित विद्युत्-स्पंदने उमटतात. कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. रुग्णास गुंगी देऊन छातीवर दिलेला विजेचा धक्का ही सारी स्पंदने एकाच वेळी थांबवतो. त्यानंतर हृदयाचा नैसर्गिक गतिनियामक पुन्हा सूत्रे हाती घेतो.

अवेळी बसलेला धक्का घातक ठरू शकतो. म्हणून तो ठोक्याशी जुळवून देण्याची पद्धत बोस्टनच्या डॉ. बर्नार्ड लाउन यांनी १९६२ मध्ये मांडली.

थरथरत्या कप्प्यात साकळलेली गुठळी मेंदूत गेल्यास पक्षाघात संभवतो. यास्तव, तातडी नसल्यास, साधारणतः धक्क्याआधी किमान ३ व नंतर किमान ४ आठवडे रक्त पातळ ठेवणारी औषधे देतात. ठोका सुरळीत झाला, तरी ती परस्पर बंद करू नयेत.