मस्तिष्कावरणे, केशवाहिन्या आणि मेंदूचा हिवताप

मानवी मेंदूस दृढतानिका, जालतानिका व मृदुतानिका या तीन आवरणांचे संरक्षण लाभलेले आहे. शेवटच्या दोहोंमधील द्रव बाहेरचा धक्का सौम्य करतो. तथापि चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात मेंदूवरील एक मोठे संकट रक्तमार्गे येते. फाल्सिपेरम हिवतापात बाधित तांबड्या पेशी मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून प्रवाह तुंबवितात. परजीवी वाहिनी ओलांडून मेंदूत शिरत नाही, तरीही रुग्ण बेशुद्ध होतो! हेमलकसा येथे १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यास असे रुग्ण परिचित आहेत. मस्तिष्कावरणशोथातही ताप, झटके व बेशुद्धी आढळत असल्याने केवळ लक्षणांवरून निदान करणे धोक्याचे होय. रक्ततपासणी तत्काळ व्हावी. कारण शिरेतून आर्टेसुनेट देण्यास झालेला काही तासांचा विलंबही जिवावर बेततो.