नाममुद्रा आणि आवाज : पठ्ठे बापूराव यांच्या कारकिर्दीचा विचार

लोकगायकाचे चरित्र लिहावयाचे म्हणजे नेमके कोणाचे चरित्र लिहावयाचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. नागर कवीची कृती कागदावर उतरते आणि तिच्यावर त्याचे नाव राहते. लावणीचे तसे नाही. ती एकाने रचलेली असते, दुसरीने गाइलेली असते, ढोलकीवाल्याने तिची लय बांधलेली असते आणि झीलकऱ्यांनी ती उचलून धरलेली असते. पुढे स्मरणात मात्र बहुधा एकच नाव उरते. ते कोणते आणि का, ह्याचा शोध घेण्यासाठी शाहीर पठ्ठे बापूराव यांच्या कारकिर्दीसारखे उपयुक्त उदाहरण मराठीत दुसरे क्वचितच सापडेल.

प्रथम ह्या कारकिर्दीची भूमी ध्यानात घेतली पाहिजे. सांगलीहून तासगावकडे निघाले की माधवनगर, बुधगाव व कवलापूर ही गावे एकामागून एक लागतात. ह्याच वाटेने पुढे तासगाव तालुक्यात सावळज हे गाव आहे. माधवनगरच्या वायव्येस, कृष्णेच्या खोऱ्यात वाळवे तालुका पसरलेला आहे. त्यांपैकी वाळवे व तासगाव हे तालुके १९४९ पूर्वी सातारा जिल्ह्यात मोडत असत. त्या वर्षी दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. ह्या टापूचा लौकिक साधारणतः नाटकासाठी सांगितला जातो. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे ‘सीतास्वयंवर’ सादर केले, ही घटना मराठी रंगभूमीचा आरंभ म्हणून प्रसिद्धच आहे. परंतु त्यानंतर सुमारे बावीस वर्षांनी ह्याच मुलखात दुसरा एक आरंभ झाला, त्याचा उल्लेख त्यामानाने कमी होतो. सावळजचे उमा-बाबू ह्या मांग समाजातील कलावंतांनी १८६५ च्या सुमारास ‘मोहना बटाव’ हा वग रंगभूमीवर आणला. तमाशातील पहिला वग म्हणून अभ्यासक त्याचाच निर्देश करतात.

वगाच्या ह्या आगमनाचे महत्त्व समजण्यास तमाशाची रचना थोडक्यात पाहणे इष्ट होईल. तमाशाचा आरंभ गणाने, म्हणजे गणेशस्तवनाने होतो. त्यामागून गौळण येते. तीत कृष्ण, पेंद्या, मावशी व गौळणी यांची थट्टामस्करी चालते. नंतर लावण्या होतात आणि अखेरीस वग, म्हणजे एखादे पद्यमिश्रित कथानक, सादर केले जाते. ढोलकी, तुणतुणे, झांज आणि हलगी ही ह्या खेळाची मुख्य वाद्ये होत. मुख्य गायकाची ओळ संपते न संपते तोच मागील झीलकरी तिचा शेवट उचलतात व उंच स्वरात लांबवितात. तेवढ्या अवकाशात गायक श्वास घेतो आणि पुढील ओळ जुळवितो. म्हणजे ज्याला आपण एका गायकाचे गाणे म्हणतो ते घडणीनेच सामुदायिक असते. वग येण्यापूर्वी फडाला सुट्या लावण्या पुरत असत. वग आल्यावर रात्रभर चालणाऱ्या कथानकासाठी सतत नवी पदे हवी झाली, आणि त्यामुळे फडासाठी लिहिणाऱ्या कवीचे महत्त्व वाढले.

ह्या संधिकालातच पठ्ठे बापूरावांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ११ नोव्हेंबर १८६६ रोजी वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष ह्या गावी ते जन्मले. ब्राह्मण कुलकर्ण्याच्या घरातील मुलाने गावचे दप्तर सांभाळावे, वसुलीच्या नोंदी ठेवाव्यात आणि वतन चालवावे, हा तत्कालीन क्रम होता. श्रीधरचा ओढा मात्र कवनाकडे होता. तमाशा हा त्या काळी मुख्यतः महार, मांग व कोल्हाटी समाजांतील कलावंतांचा व्यवसाय होता. त्यासाठी ब्राह्मणाने लावण्या रचणे ही गोष्ट सर्वस्वी अपूर्व नव्हती. पेशवाईच्या उत्तरकाळातील रामजोशी यांचे उदाहरण समोर होते. परंतु बापूराव केवळ रचना देऊन थांबले नाहीत. घर, वतन व जातीतील स्थान ह्या तिन्हींवर पाणी सोडून ते फडात दाखल झाले, फडाबरोबर गावोगाव हिंडले, आणि पुढे स्वतःच्या नावाचा फड त्यांनी उभा केला. श्रीधर कुलकर्णी हे नाव मागे पडले आणि पठ्ठे बापूराव हे नाव लोकांच्या तोंडी झाले.

हे नाव इतके रूढ होण्याचे एक कारण लावणीच्या रचनेतच आहे. शाहिरी कवनाच्या शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो. तीच त्याची नाममुद्रा. ज्या काळात लावणी कागदावर क्वचितच उतरत असे आणि एका फडाकडून दुसऱ्या फडाकडे तोंडी जात असे, त्या काळी कर्तृत्व टिकविण्याचा हा एकमेव उपाय होता. गाणे कोणीही गावो, अखेरीस रचणाऱ्याचे नाव श्रोत्यांच्या कानांवर पडत असे. बापूरावांच्या रचनांची संख्या लाखांनी सांगितली जाते. त्यांतून छापील चोपड्यांत आलेला भाग फारच थोडा आहे. संख्येत अतिशयोक्ती धरली तरी एवढे खरे, की नाममुद्रेमुळे त्यांचे नाव त्यांच्या फडापेक्षा पुष्कळ दूरवर पोहोचले. ढोलकीवाल्याला, झीलकऱ्याला किंवा गाणारणीला असे कडवे नव्हते.

बापूरावांच्या यशाचा दुसरा आधार म्हणजे पवळा. संगमनेर तालुक्यातील हिवरगावची ही महार समाजातील कलावतीण ‘नामचंद पवळा’ ह्या नावाने गाजली. तिच्या आधी तमाशाच्या बोर्डावर स्त्रीची भूमिका ‘नाच्या पोऱ्या’ करीत असे. बोर्डावर उभी राहून नाचणारी व गाणारी पहिली स्त्री म्हणून अनेकजण पवळेचाच उल्लेख करतात. बापूरावांची लेखणी व पवळेचा गळा आणि अदाकारी एकत्र येताच फडाची कीर्ती पसरली. १९०८-०९ च्या सुमारास कोल्हापूर येथे छत्रपती शाहू महाराजांच्या पुढे ‘मिठाराणी’चा वग सादर झाला. मुंबईतील थिएटरांतून फडाचे खेळ होऊ लागले. तेथील प्रेक्षक हा मुख्यतः घाटावरून गिरण्यांत कामाला गेलेला मजूर होता. गावच्या जत्रेतील करमणूक त्याला शहरात तिकीट काढून मिळू लागली, आणि वर्षातील काही महिने जत्रांवर जगणाऱ्या फडाला रोजच्या उत्पन्नाचे साधन लाभले. अशा रीतीने ग्रामीण गायकाची ‘कारकीर्द’ ही कल्पनाच मुळी शहराच्या मजूरवस्तीने शक्य केली, असे म्हणावयास हरकत नाही.

येथवरची कथा दोन कलावंतांच्या सहकार्याची आहे. परंतु ह्या सहकार्यात दोघांनी मोजलेली किंमत सारखी नव्हती, आणि ह्या विषयाचा गाभा येथेच आहे. बापूरावांनी जे सोडले त्याची आठवण पुढील लेखनात वारंवार गौरवाने केली गेली : ब्राह्मणाने कलेसाठी जात सोडली. पवळेला सोडण्यासारखे वतन नव्हते. ज्या समाजात ती जन्मली त्या समाजातील स्त्रीने लोकांपुढे नाचणे हे इतरांच्या दृष्टीने स्वाभाविकच मानले जाई, म्हणून तिच्या कर्तृत्वाला त्यागाचे तेज कोणी दिले नाही. तिच्या रूपाची वर्णने पुष्कळ मिळतात. तिच्या गायकीची चिकित्सा त्यामानाने फार थोडी मिळते. एकाच रंगमंचावरच्या दोघांपैकी एकाचे चरित्र झाले आणि दुसरीची आख्यायिका झाली.

हा भेद समकालीनांना दिसलाच नाही असे मात्र नाही. १९२७ मधील महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी खेळाच्या उत्पन्नातून निधी देऊ केला असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो स्वीकारण्यास नकार दिला, असे नोंदले गेले आहे. महार समाजातील स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा त्यांच्याच मुक्तीच्या कार्याला नको, अशी त्यामागील भूमिका होती. हा नकार केवळ तमाशाविषयीच्या नैतिक नापसंतीतून आला असे मानणे उथळपणाचे होईल. गाणे कोणाच्या नावावर चालते आणि ते चालविण्यासाठी कोणाची अप्रतिष्ठा खर्ची पडते, हा प्रश्न त्यात उघड मांडलेला आहे. उलट बाजूने हेही नमूद केले पाहिजे, की फडातील स्त्रीला गाणे हे उपजीविकेचे आणि काही अंशी स्वतंत्र प्रतिष्ठेचेही साधन होते. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि अभ्यासकाने त्यांपैकी एकीची निवड करून दुसरी विसरणे योग्य नव्हे.

प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा नाही, हे दाखविण्यास अमेरिकेतील ग्रामीण गायनाचे उदाहरण पुरेसे आहे. ‘कंट्री’ ह्या नावाने पुढे जगभर पोहोचलेल्या त्या संगीताचा व्यावसायिक आरंभ बहुधा १९२७ च्या उन्हाळ्यातील ध्वनिमुद्रणांपासून मोजतात. टेनेसी राज्याच्या सीमेवरील ब्रिस्टल येथे राल्फ पीअर ह्या गृहस्थाने व्हिक्टर कंपनीसाठी ही मुद्रणे केली, आणि त्यांतून कार्टर कुटुंब व जिमी रॉजर्स हे गायक प्रसिद्धीस आले. कार्टर कुटुंबातील ए. पी. कार्टर हे डोंगरी मुलखात हिंडून जुनी गाणी गोळा करीत. ह्या भ्रमंतीत लेस्ली रिडल नावाचा एक कृष्णवर्णीय वादक त्यांच्याबरोबर असे. कार्टर शब्द उतरून घेत आणि रिडल चाल ध्यानात ठेवी. तबकड्यांवर नाव मात्र कार्टर यांचे आले. रिडलच्या वाट्याची ओळख जगाला १९६० नंतरच्या दशकात, संशोधकांनी त्याला शोधून काढल्यावर पटली. तेथे नाममुद्रेची जागा स्वामित्वहक्काच्या नोंदीने घेतली होती एवढाच फरक. उभयत्र, ज्याच्या हाती शब्द नोंदविण्याचे साधन होते त्याचे नाव राहिले.

बापूरावांच्या बाबतीत मात्र नावाने पोट भरले नाही, हेही सांगितले पाहिजे. पवळेची व त्यांची ताटातूट झाली, फडाची घडी विसकटली, आणि बोलपटाच्या आगमनानंतर शहरी प्रेक्षकापुढे करमणुकीचे नवे साधन आले. हलाखीत दिवस काढून २२ डिसेंबर १९४५ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९५० मध्ये, त्यांच्याच नावाचा मराठी चित्रपट निघाला. नाममुद्रा कीर्ती टिकविते. कलावंताला म्हातारपणी आधार देत नाही.

पुढील पिढीने नावाचा हा प्रश्न निरनिराळ्या रीतींनी सोडविला. बापूरावांच्याच वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेले अण्णा भाऊ साठे यांनी १९४४ मध्ये अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले. मांग समाजात जन्मलेल्या ह्या शाहिराच्या हाती स्वतःची लेखणी होती. तमाशाचे साचे घेऊन त्यांनी त्यांत मजुराचा विषय घातला. माधवनगरच्या शेजारच्या कवलापुरात वेगळी रीत दिसते. शिवा-संभा कवलापूरकर ह्या फडनावात दोन भावांची नावे व गावाचे नाव एकत्र आहेत. सावळजच्या उमा-बाबूंच्या नावाची घडणही तीच. एकट्या कवीऐवजी जोडीला आणि गावाला श्रेय देणारी ही पद्धत तमासगिरांची स्वतःची होय. संभाजी खाडे यांचे जुळे पुत्र लहू व अंकुश हे ‘जहरी प्याला’ ह्या वगातील भूमिकांमुळे ‘काळू-बाळू’ म्हणून उभ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. तेथे नटाच्या नावाची जागा पात्राच्या नावाने घेतली. विठाबाई नारायणगावकर यांनी तर स्त्रीचे नाव फडाच्या फलकावर आणले. पवळेला जे मिळाले नाही ते एका पिढीनंतर विठाबाईंना मिळाले. तरीही २००२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा अखेरच्या दिवसांतील विपन्नावस्था बापूरावांसारखीच होती.

ह्या विवेचनातून संशोधनाच्या पद्धतीविषयी एक निष्कर्ष निघतो. लावणीचा संग्रह करताना आपण आजवर शेवटच्या कडव्यातील नावावर विसंबलो. ते आवश्यक आहे, पुरेसे नाही. प्रत्येक लावणीबरोबर ती कोणाच्या गळ्यातून ऐकली, तिची चाल कोणी बसविली, ढोलकीला कोण होते आणि ती कोणत्या फडात चालत असे, ह्या चार गोष्टी नोंदविल्या गेल्या पाहिजेत. काळू म्हणजे लहू खाडे २०११ मध्ये निवर्तले, आणि तंबूच्या तमाशाचा तो काळ पाहिलेली माणसे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. कवलापूर, सावळज, रेठरे हरणाक्ष ह्या गावांतील फडकऱ्यांच्या घरी जाऊन ही माहिती विचारून घेणे हे काम माधवनगर-सांगलीच्या टापूतील विद्यार्थ्यांना सहज करता येण्याजोगे आहे. ते वेळेवर झाले, तर बापूरावांची थोरवी तिळमात्र उणावणार नाही. मात्र त्यांच्या लावण्या ज्यांच्या आवाजाने जिवंत राहिल्या त्या माणसांनाही इतिहासात आपापली नावे मिळतील.