न दिसणारा नट

नट म्हटला कीं रंगविलेला चेहरा, भरजरी वेष, दिव्यांचा झगमगाट आणि समोर दाटलेला प्रेक्षकवर्ग हीं सारीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु ज्याचा चेहरा बहुतेक श्रोत्यांनीं कधीं पाहिला नाहीं, आणि तरीहि ज्याचा आवाज थेट माजघरापर्यंत घरच्या माणसासारखा वावरला, असाहि एक नट आपल्या महाराष्ट्रांत होऊन गेला. मुंबई आकाशवाणीचे निवेदक व नट बाळ कुडतरकर यांजविषयीं आज चार शब्द लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे.

कुडतरकर निवर्तले. ती वार्ता घरीं कळतांच आमच्या मातोश्री म्हणाल्या, "अरेरे, पंत गेले!" शेजारीं बसलेल्या आमच्या नातवानें विचारलें, "आजोबा, कोण पंत? आपले नातेवाईक का?" या साध्या प्रश्नाचें उत्तर देतां देतां आमची जी त्रेधा उडाली, तीच या लेखाचें निमित्त होय.

मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. प्रथम तें एका खाजगी कंपनीच्या हातीं होतें. परंतु ती कंपनी तीन वर्षांतच बुडाली आणि कारभार सरकारनें आपल्याकडे घेतला. १९३६ सालीं या खात्यास 'ऑल इंडिया रेडिओ' असें नांव मिळालें, व स्वराज्यानंतर 'आकाशवाणी' हें नांव रूढ झालें. नैयायिकांनीं शब्द हा आकाशाचाच गुण मानिला आहे. तेव्हां हें नांव कानास गोड तसेंच शास्त्रासहि धरून आहे. कुडतरकर या केंद्रांत शिरले ते इंग्रजी अमदानींतच, आणि मग कित्येक दशकें ते तेथलेच होऊन राहिले. निवेदन करावें, नभोनाट्यांत भूमिका करावी, असा त्यांचा उद्योग. चित्रपटगृहांत मुख्य खेळापूर्वीं सरकारी माहितीपट दाखविण्याचा जो प्रघात होता, त्यांतील मराठी निवेदनांतहि त्यांचा आवाज ऐकूं येई. म्हणजे ज्यांच्या घरीं रेडिओ नव्हता, त्यांच्याहि कानीं तो पडलाच.

भरतमुनींनीं अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. रंगभूमीवरील नटाच्या हाताशीं हे चारहि असतात. संवाद जरा अडखळला तर हातवारे सांभाळून घेतात. हातवारे फसले तर पगडी किंवा शालू प्रेक्षकांचें लक्ष वेधून घेतो. नभोनाट्यांतील नटाचे आंगिक आणि आहार्य हे दोन्ही आधार आरंभींच काढून घेतलेले असतात. त्याच्या डोळ्यांतील अश्रु कोणास दिसणार नाहींत. आवाजच भिजला पाहिजे. त्याचें हसूं ओठांवर राहून चालणार नाहीं. तें शब्दांत उतरलें पाहिजे.

ही अडचण हेंच या कलेचें बळ कसें होतें, याचें एक उदाहरण विलायतेंतील आहे. केवळ नभोवाणीसाठीं लिहिलेलें पहिलें नाटक म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तें रिचर्ड ह्यूज यांचें 'डेंजर' लंडनहून १५ जानेवारी १९२४ रोजीं प्रक्षेपित झालें. त्याचें स्थळ वेल्स देशांतील एक कोळशाची खाण. दिवे जातात, आणि खाण पाहावयास आलेलीं माणसें काळोखांत एकमेकांस चांचपूं लागतात. नाटककाराची युक्ति पाहा: पात्रांनाहि दिसत नाहीं आणि श्रोत्यांनाहि दिसत नाहीं, दोघेहि एकाच अंधारांत बसलेले! नभोवाणीचें मर्म त्यानें पहिल्याच खेपेस ओळखलें.

ध्वनिमुद्रणाची सोय जेव्हां बेताचीच होती, तेव्हां नाटक घडत असतांनाच तें प्रक्षेपित होई. चूक झाली तर पुसावयास फळा नव्हे. हातांत संवादांचे कागद असत, पण त्यांची सळसळ ऐकूं येतां कामा नये. मायक्रोफोनच्या अगदीं जवळ येऊन बोललें कीं कानगोष्ट होते. दोन पावलें मागें सरलें कीं तोच माणूस अंगणांतून बोलतोसें वाटतें. आपण ज्यास सहज बोलणें म्हणतों, तें असें मोजूनमापून केलेलें असतें. पाणिनीय शिक्षेंत पाठकाचे गुणदोष सांगितले आहेत. माधुर्य, अक्षरांची स्पष्टता, पदांची योग्य फोड आणि धीमेपणा हे गुण. गाऊन वाचणें, घाईनें वाचणें, मान डोलावणें आणि अर्थ न समजतां वाचणें हे दोष. वेदपाठकांसाठीं केलेली ही यादी निवेदकाच्या खोलींत टांगावी इतकी तेथें लागू पडते. मान डोलावण्याचा दोष तरी तेथें माफ असेल असें कोणास वाटेल. परंतु मान हलली कीं तोंड मायक्रोफोनपासून दूर जातें आणि आवाज उतरतो!

घरोघरीं कुडतरकर पोंचले ते 'प्रपंच' आणि 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकामालांमुळें. 'पुन्हा प्रपंचां'त ते पंत झाले. नीलम प्रभू, ज्या पुढें करुणा देव या नांवानें ओळखल्या गेल्या, त्या मीनावहिनी. आणि प्रभाकर जोशी टेकाडे भावजी. तिघांची घरगुती बोलाचाली, एवढाच काय तो त्यांचा संसार. परंतु त्या बोलण्याचा सूर इतका ओळखीचा, कीं आपल्याच घरांतील कोणी पलीकडच्या खोलींत बोलत आहे असा भास व्हावा.

सह्याद्रीच्या अलीकडे, आमच्या दिंडोरीस, मुंबई केंद्र दिवसा खरखरत ऐकूं येई आणि दिवेलागण झाली कीं आवाज खुले. आमच्या आजी याचें श्रेय देवापुढील सांजवातीस देत. खरें कारण असें कीं, वातावरणाच्या वरच्या भागांतील जो थर दिवसा मध्यम लहरी शोषून घेतो, तो सूर्यास्तानंतर विरतो. मग त्या लहरी अधिक उंचीवरील थरावर आदळून दूरवर परततात. रेडिओचा परवाना तेव्हां डाकघरांतून काढावा लागे, आणि यंत्र घरांत एकच. पुरुषमंडळी ओसरीवर, बायका माजघराच्या दाराआड, मुलें मधें, अशी बैठक जमे. ज्या जावांचें दिवसभर एकमेकींशीं पटलें नसेल, त्या मीनावहिनींच्या एका टोमण्यावर एकदम हसत. आणि एकदां बरोबर हसल्यावर रात्रीं पानें वाढतांना अबोला धरणें कठीण जाई. कोणत्याहि उपदेशानें न साधणारें हें काम त्या तिघांनीं न कळत किती घरांत केलें असेल, याची मोजदाद कोण करणार?

याच आकाशवाणींत १९५५ सालीं पु. ल. देशपांडे आले. पुढें दिल्लीस दूरचित्रवाणीचा आरंभ झाला त्या कामीं ते होते. नंतर नोकरी सोडून 'बटाट्याची चाळ' त्यांनीं एकट्यानें रंगमंचावर उभी केली. त्यांना महाराष्ट्रानें डोळे भरून पाहिलें आणि डोक्यावर घेतलें, तें योग्यच झालें. कुडतरकरांची ओळख मात्र मायक्रोफोनपाशींच राहिली. ज्यास रस्त्यांत कोणी ओळखूं नये, आणि दुकानांत तोंड उघडतांच सर्वांनीं वळून पाहावें, असें निवेदकाचें विलक्षण भाग्य असतें. नाटकाचें पुस्तक उरतें, चित्रपटाची फीत उरते; परंतु थेट बोलून गेलेला शब्द ज्या आकाशांतून आला त्याच आकाशांत विरतो.

येथें एक गोष्ट कबूल करणें आम्हांस प्राप्त आहे. अध्यापन करीत असतांना आमच्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचें वाचन ऐकून वर्ग स्तब्ध होई. मोठा झाल्यावर तो आमच्याकडे आला व म्हणाला, "गुरुजी, आकाशवाणीच्या स्वरपरीक्षेस बसूं का?" त्या परीक्षेंत उमेदवार एका खोलींत वाचतो आणि परीक्षक दुसरीकडे बसून केवळ आवाज ऐकतात, रूप, कूळ, पोषाख यांचा तेथें कांहीं उपयोग नाहीं. अशी निर्मळ परीक्षा दुसरी कोठें मिळावी? परंतु आम्हीं त्यास सांगितलें, "बाबा रे, तो छंद म्हणून ठीक, पोटापाण्याचें पाहा." त्यानें आमचें ऐकलें आणि नोकरी धरली. आज तो सुखवस्तु आहे. गांवच्या उत्सवांत निवेदन करावयास उभा राहिला म्हणजे चार वाक्यांत मंडप शांत होतो. कार्यक्रम संपल्यावर तो आमच्या पायां पडतो, आणि आम्हांस त्याच्या नजरेस नजर देणें जड जातें. ज्या कलेनें रोज आमचें घर हसविलें, तिला आम्हीं छंद म्हटलें. तिच्यामागें एखाद्या माणसाची सबंध हयात उभी असते, हें पंत गेल्यावर आम्हांस उमगलें.

नातवास उत्तर देण्यासाठीं आम्हीं त्या दिवशीं शब्द शोधीत बसलों, तोंच मातोश्रींनीं त्यास जवळ घेतलें आणि पंत, मीनावहिनी व भावजी या तिघांच्या आवाजांत, आठवेल तसा, एक संवाद म्हणून दाखविला. नव्वदीच्या घरांतील त्या मुखांतून पंतांचा तो ठसका ऐकून मुलगा खदखदून हसला व म्हणाला, "आतां कळलें. पंत आपले नातेवाईकच होते कीं!"

आमच्या वर्गांतील त्या विद्यार्थ्यास एक मुलगी आहे. आवाज बापाचाच. ती आमच्याकडे सल्ला विचारावयास आली, तर या खेपेस आम्ही तिला अडविणार नाहीं.